ठाण्याचीही आकाशचित्रे हवीत

महोदय,

जेम्स वॉलेस ब्लॅक यांनी १३ ऑक्टोबर १८६० रोजी फुग्यातून टिपलेले बोस्टनचे छायाचित्र हे उपलब्ध हवाई छायाचित्रांपैकी सर्वांत जुने मानले जाते. फ्रेंच छायाचित्रकार नादार यांनी १८५८ मध्ये पॅरिसजवळ घेतलेली चित्रे मात्र टिकली नाहीत. त्या काळी रसायन लावलेली काच ओली असतानाच तिच्यावर चित्र उमटवावे लागे.

हे आठवले ते ठाण्यामुळे. मासुंदा तलावाचा काठ किंवा खाडीलगतची खारफुटी पूर्वी कुठवर होती, हा वाद वरून सरळ खाली रोखून घेतलेले जुने चित्र चटकन मिटवू शकते. ड्रोनमुळे हे काम सोपे झाले आहे, तरी आपल्याकडे तो बहुधा लग्नांतच उडताना दिसतो! महापालिकेने दरवर्षी पावसाळ्यानंतर, ठरावीक उंचीवरून, अशी चित्रे घेऊन ती ग्रंथालयांत ठेवावीत.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे