तर्रीसोबत नेरो दावोला नको

संपादक महोदय,

'खान्देशी मटणाच्या रश्श्याबरोबर सिसिलीची रेड वाइन घ्या' हा रविवारच्या पुरवणीतला सल्ला वाचला. वाइन चांगली निवडली आहे, जोडी मात्र फसली.

सुचवलेली ही वाइन नेरो दावोला, म्हणजे 'अवोलाची काळी'. अवोला हे इटलीतल्या सिसिली बेटाच्या आग्नेय टोकाकडचे गाव. वाइनचा रंग गडद, अंग भारदस्त, अल्कोहोल साधारण १३ ते १४.५ टक्के. ती काळी आणि आपला मसालाही काळा, एवढ्यावर पत्रिका जुळत नाही.

तिचा तुरटपणा टॅनिनचा, द्राक्षाच्या सालीबियांतून उतरलेला. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते, म्हणून कच्चे केळे चावल्यासारखी जीभ कोरडी पडते. कोऱ्या चहात दूध घातले की तुरटपणा उतरतो, कारण टॅनिन मग दुधातल्या प्रथिनांना चिकटते. ताटात मांस, तूप, शेंगदाणे, मीठ असले की ही वाइनही तशीच मऊ लागते. तिखटाचे उलटे. मिरचीने पेटलेल्या तोंडाला अल्कोहोल आणखी चटका देते, आणि काळेपर्यंत भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा कडसरपणा टॅनिनच्या जोडीला येऊन बसतो. फळाची चव हरवते आणि महागाची बाटली काढ्यासारखी लागते. शेवभाजी आणि ठेच्याबरोबर हेच होणार. मांडे-आमरसाबरोबर तर ती चक्क आंबट लागते.

तिची खरी जोडी भरिताशी. सिसिलीतल्याच कातानिया शहराचा 'पास्ता आला नोर्मा' तळलेल्या वांग्यांचाच असतो, सोबत टोमॅटो, बेसिल आणि वरून किसलेले खारट चीज. आपल्याकडे तर जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वांगी गॅसवर नव्हे, काड्यांच्या जाळावर भाजावीत. तो धुरकट वास या वाइनला मानवतो. किलोभर वांग्यांना एरवी दहा-बारा हिरव्या मिरच्या पडतात, इथे तीनच घ्या आणि लसणाबरोबर तेलात नीट परता. तेल अर्धी वाटी, त्यात काटकसर नको. शेंगदाणे मूठभर, पण साले काढून, कारण साल स्वतःच तुरट असते. मीठ किंचित चढे. सोबत कळण्याची भाकरी. कच्चा कांदा पानात घेऊ नका, त्यापुढे वाइनचा वासच लागत नाही.

मटणच हवे असेल तर सुके करा: अर्ध्या किलोला काळा मसाला सपाट एक चमचा, चरबी न काढता, मंद आचेवर. तुपात बुडवलेली बट्टीही चांगली.

दुसरी चूक तापमानाची. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा नियम युरोपातल्या थंड दगडी घरांचा आहे. नेरो दावोलाला १६ ते १८ अंश तापमान लागते; आपल्याकडे मे महिन्यात घरातसुद्धा ३५ असतात. त्या उकाड्यात नाकाला आधी अल्कोहोलच झोंबते. बाटली दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, घाई असेल तर बर्फ-पाण्याच्या बादलीत पंधरा मिनिटे. मात्र फार गार केली तर तुरटपणा वाढतो. पेल्यात एका वेळी शंभर मिलिलिटरच ओता, कारण ती लगेच तापते. नवी वाइन फार आवळलेली, म्हणजे वास-चव न खुललेली वाटली तर जगमध्ये ओतून अर्धा तास मोकळी सोडा. त्या वेळी जग थंड जागी असू द्या.

विकत घेतानाही सावध असा. उन्हाळ्यात ट्रकमध्ये तापलेल्या बाटलीचे बूच काचेच्या काठावर उचललेले दिसते, टोपणाखाली चिकट ओघळ असतो. अशी बाटली उघडली की शिजवलेल्या मुरंब्याचा वास येतो. ती परत करा. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, पुढे रश्श्यात घालायलाही नको.

– हॉटेल व्यवसायातील काही वाचक, जळगाव