झाकणाखालचं काम

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानांतली तीन त्या सर्व्हिस सेंटरवरच खर्ची पडली आहेत, आणि राग अगदी रास्त आहे. स्टेपनी घरी काढून ठेवलेली, तरी परत आलेल्या तक्त्यावर ‘स्टेपनीतली हवा’ यापुढे बरोबरची खूण आणि वर हवेचा आकडासुद्धा! हसावं की रडावं कळेना. पण शेवटी तू जे लिहिलंस, ‘पूर्वीचे मेस्त्री राहिले नाहीत, आताची पोरं कामचुकार’, तिथे माझं तुझं जमत नाही. अख्खी नोकरी विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये गेली, त्यातली शेवटची वर्षं दुसऱ्यांनी केलेलं काम तपासण्यात. म्हणून हे पत्र जरा लांबणार, निवांत बसून वाच.

तुझा तो ‘पूर्वीचा मेस्त्री’ कसा चुकतो ते ऐक. 1990 सालचा जून, बर्मिंगहॅम विमानतळ. ब्रिटिश एअरवेजच्या वन-इलेव्हन विमानाची, कॅप्टनसमोरची काच बदलायची होती. रात्रपाळीला माणसं कमी, म्हणून पाळीचा मॅनेजर स्वतःच कामाला लागला. हा काही नवशिका नव्हता, चांगला मुरलेला माणूस. जुन्या काचेतून निघालेला बोल्ट घेऊन तो स्टोअरमध्ये गेला. स्टोअरकीपर म्हणाला, या काचेला 8डी मापाचे बोल्ट लागतात. हा म्हणाला, निघालेत 7डी, तेच लावतो. तेवढे शिल्लक नव्हते, म्हणून दुसरीकडच्या रॅककडे गेला. तिथे उजेड मंद, खणांवरच्या चिठ्ठ्या पुसट. नमुन्याचा बोल्ट शेजारी धरून त्याने नजरेनेच जुळवले आणि घेऊन आला.

90 पैकी 84 बोल्ट जाडीला साधारण 0.66 मिलिमीटरने कमी होते. उरलेले सहा आखूड. पाना फिरवताना बोल्ट आट्यांतून निसटत होते, पण ती ‘टक्’ त्याला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा ठरलेला जोर, पुरा झाल्याची वाटली. मचाण अशा जागी होतं की हात लांबवून काम करावं लागत होतं आणि बोल्टचं डोकं खाचेत नीट बसलंय का हे स्वतःच्याच हाताआड जात होतं. 10 जूनला विमान 17,300 फुटांवर असताना ती काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिनमधल्या माणसांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथहॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन वाचला, हे आजही खरं वाटत नाही.

आता सांग, हा माणूस कामचुकार होता? तो तर दुसऱ्याचं काम अंगावर घेऊन पहाटे राबत होता. पार्ट्स कॅटलॉग उघडून नंबर बघणं एवढंच राहिलं, कारण इतक्या वर्षांची नजर असताना पुस्तक कशाला उघडायचं! आणि गंमत बघ, आधीचे 7डी बोल्टसुद्धा चुकीचेच होते. जरा आखूड. पण त्यांनी काच धरून ठेवली होती, म्हणून कुणाला संशय आला नाही. तेव्हा मला विचारशील तर खरा शत्रू आळस नाही. ‘मागच्या वेळी काही झालं नाही’ हा आहे.

हे वंगणाच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतं. अलास्का एअरलाइन्सचं एमडी-83 विमान 31 जानेवारी 2000 ला समुद्रात कोसळलं, 88 माणसं गेली. शेपटीचा आडवा पंख वरखाली करणारा एक लांब स्क्रू असतो, तो एका मोठ्या नटमधून फिरतो. त्याला वेळेवर ग्रीस लागलं पाहिजे, बस. हे काम पूर्वी काही शे तासांच्या उड्डाणांनंतर व्हायचं. ती मुदत टप्प्याटप्प्याने वाढत 1996 मध्ये आठ महिन्यांवर गेली, म्हणजे अडीच हजारांहून जास्त तास. प्रत्येक वेळी मुदत वाढवली आणि काही झालं नाही, म्हणून पुढची वाढ सोपी गेली. समुद्रातून तो स्क्रू काढला तेव्हा नटचे झिजून तुटलेले आटे तारेसारखे त्याला गुंडाळलेले होते. ग्रीस आत जाण्याची वाटच वाळक्या गाळाने बुजलेली. हे कुणा एका मेस्त्रीच्या हाताने घडलं नाही रे, कार्यालयात बसून मुदतीच्या रकान्यातला आकडा बदलणाऱ्यांच्या हाताने घडलं.

तू म्हणशील, मग विमानप्रवास इतका सुरक्षित कसा? आहेच. माझ्या तरुणपणापेक्षा आज कितीतरी सुरक्षित आहे, हे मी नाकारत नाही. आणि माझी चिंता तिथेच आहे. यंत्रं आता इतकी चांगली झाली आहेत की ती आपला गलथानपणा पोटात घालतात. पूर्वीचं इंजिन जरा दुर्लक्ष झालं की कुरकुरायचं, धूर काढायचं. आताचं मुकाट्याने चालत राहतं. त्यामुळे काळजी घेणारा आणि न घेणारा यांच्यातला फरक वर्षानुवर्षं दिसतच नाही, आणि जो दिसत नाही त्याला पगारवाढ कोण देणार?

तुझ्या गाड्यांच्या धंद्यात हे आणखी उघड आहे. बऱ्याच ठिकाणी पोराला तासावर नाही, कामावर मोजतात. अमुक काम इतक्या वेळात, मग ते दहा मिनिटं आधी उरकलं तर नफा आणि दहा मिनिटं जास्त गेली तर त्याचं नुकसान. अशा पोराने चाकाचे नट आधी हाताने दोन-तीन आटे धरवून घ्यावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत आणि शेवटी टॉर्क पान्याने ठरलेल्या मापावर आणावेत, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तो नट आवळायची इम्पॅक्ट गन लावतो, खर्रर्र, चार सेकंदांत पाच नट. नट वाकडा धरला गेला असेल तरी गनला ते कळत नाही, ती रेटून आटे खाऊन टाकते. हाताने धरलेला नट मात्र पहिल्याच फेऱ्याला अडतो आणि सांगतो, मी वाकडा आहे. प्रमाणाबाहेर आवळलं की नट ज्यावर बसतो तो स्टड ताणला जातो, ब्रेकची डिस्क वाकण्याचा धोकाही असतो. यातलं काहीही गाडी बाहेर पडताना दिसत नाही.

ब्रेक ऑइलचंही तेच. ते हवेतली ओल शोषत राहतं, आणि ओल मुरली की उकळायला लागण्याचं तापमान खाली येतं. रोजच्या रस्त्यावर फरक कळणार नाही, लांब घाटात उतारावर कळेल. तिथे पेडल मऊ लागलं की गॅरेजवाल्याला कोण विचारायला येणार?

एक गोष्ट आम्हा हँगरवाल्यांच्याही नावावर लिही. पाळी बदलताना काम अर्धं सोडून जाणं. 11 सप्टेंबर 1991, अमेरिकेतलं एक एम्ब्रेअर 120 विमान. शेपटीवरच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेचं काम चालू होतं. संध्याकाळच्या पाळीने डाव्या बाजूचे वरचे 47 स्क्रू काढले, त्यात तपासनीसानेही हात लावला. पुढच्या पाळीला हे कागदावर कुणी सांगितलं नाही. ती शेपटी उंच, वरची बाजू जमिनीवरून दिसत नाही. सकाळी विमान जाताना नीट गेलं, परतीच्या फेरीत ती कड उखडली आणि आतली चौदाच्या चौदा माणसं गेली. चांगली माणसं सगळी. सांगायचं राहिलं, इतकंच.

आणि हे जुनं झालं असं समजू नकोस. 5 जानेवारी 2024 ला अलास्काच्याच नव्याकोऱ्या बोइंग 737 मॅक्स 9 विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला प्लग हवेत उडून गेला. त्याचे चार बोल्ट लावलेलेच नव्हते. कारखान्यात तो प्लग उघडला होता, पण उघडल्याची नोंदच नाही. ज्याची नोंद नाही ते बंद करून तपासणार कोण? बत्तीस वर्षांनी पुन्हा तेच, फक्त स्क्रूऐवजी बोल्ट.

यावर उपाय ठाऊक नाहीत असं नाही. नियंत्रणाच्या भागांना दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तपासायचं, दोन्ही इंजिनांवर तेच काम एकाच माणसाने एकाच वेळी करायचं नाही, काम संपल्यावर हत्यारं मोजून जागेवर लावायची. पण मी काय पाहिलं सांगू? घाई वाढली की दुसरी सही पहिल्या सहीची नक्कल होते. ‘तू बघितलंस ना? मग झालं.’ तुझ्या तक्त्यावरची स्टेपनीची खूण याच जातीची आहे. त्या पोराच्या मागे अजून सहा गाड्या उभ्या असणार. तक्ता रिकामा दिला तर त्याला बोलणी बसतात, खोटा भरला तर कुणी विचारत नाही. माझा राग त्या पोरापेक्षा तक्ता तपासणाऱ्यावर जास्त आहे.

तरी तुला करण्यासारखं आहे. पुढच्या वेळी सर्व्हिस ॲडव्हायझरशी न बोलता ज्याने हात लावला त्याच्याशी बोल. बदललेले जुने भाग मागून घे. चाक काढलं असेल तर शंभरेक किलोमीटरांच्या आत नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घे, पाना मी पाठवतो, माझ्याकडे दोन आहेत. आणि कुणी ‘दोन तास जास्त लागतील’ म्हणालं तर घड्याळाकडे बघू नकोस. तू स्वतः किती उतावीळ आहेस ते मला माहीत आहे!

वहिनींना नमस्कार. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस ते उत्तरात नक्की लिही.

तुझा,
विन्या