पंधरा वर्षांच्या गाडीला फिटनेस लागतो, रस्त्याला का नाही? बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे गणपतीआधी बुजवले जातील, हे आश्वासन यंदाही वेळेवर मिळालं. त्याबद्दल कोकणवासीयांच्या वतीनं आभार. आश्वासन कधी चुकत नाही, खड्डे तेवढे चुकवावे लागतात. विसर्जन झालं, चाकरमानी परत गेले, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी जाता-येता आमच्या दारात चार-सहा तास काढले. म्हणून हे पत्र.

लिहिणारे आम्ही महामार्गालगतचे गॅरेजवाले. खड्ड्यांवर आमचा धंदा चालतो, असा लोकांचा समज आहे. तुमच्याही कार्यालयात असेल. तसं काही नाही. आपटलेली गाडी आली की सर्व्हिसिंगची, क्लचची ठरलेली कामं मागं पडतात. हवा तो पार्ट जवळ नसतो. तो मुंबई-पुण्याहून मागवायचा, आणि तो आणणारा टेम्पोही याच रस्त्यानं येतो. तोवर गिऱ्हाईक मुलाबाळांसह बाकड्यावर बसून आम्हाला लुटारू ठरवतं. तुमच्या वाट्याच्या शिव्या आम्ही खातो, एवढं कळावं.

खड्ड्यात गेलेल्या गाडीचा दिवस कसा जातो, तेही कळावं. पाहणी दौऱ्यात ते दिसत नाही.

पाऊस पडतोय, खड्डा पाण्यानं भरलाय, खोली कळत नाही. चालक शेवटच्या क्षणी ब्रेक दाबतो. त्यानं गाडीचं नाक खाली जातं, पुढचे शॉकअप आधीच दबतात आणि सगळा दणका चाकावर येतो. (चुकवता येत नसेल तर खड्ड्याच्या तोंडाशी ब्रेक सोडायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं. हे लायसन्सच्या परीक्षेत कोणी विचारत नाही.) पुढचं डावं चाक गेलं की मागचं डावं त्याच रेषेत जातं. म्हणजे टायर दोन गेले आणि स्टेपनी एक. तीही हल्ली बऱ्याच गाड्यांना लहान मापाची देतात, ताशी 80 च्या वर नेऊ नका असं तिच्यावरच छापलेलं असतं.

चिखलात जॅक लावला की तो रुततो. खाली फळी पाहिजे, ती कोणाकडे नसते. जॅक ठरलेल्या खाचेऐवजी भलतीकडे लागला की दाराखालची पट्टी चेपते. कंपनीनं दिलेला पाना आखूड, आणि मागच्या वेळी टायरवाल्यानं नट एअरगननं आवळलेले. पाय देऊन पाना दाबला की नटाचे कोपरे झिजतात. चोरीपासून संरक्षणाचा लॉकनट असेल तर त्याची चावी घरच्या कपाटात. हॅझर्ड लाइट, वायपर आणि मोबाइलचं चार्जिंग इंजिन बंद ठेवून चालू राहिलं की दोन-तीन तासांत बॅटरी बसते. मग स्टेपनी लागली तरी गाडी चालू होत नाही. घाटात रेंज नाही, त्यामुळे महामार्ग मदतीच्या 1033 नंबरला फोन लागत नाही आणि टोइंगवाल्याला यूपीआय जात नाही. पाण्याच्या मारानं बंपरखालचं प्लास्टिक लोंबतं, कधी पुढची नंबरप्लेटच खड्ड्यात राहते. ती हाय सिक्युरिटी, एकदाच बसणाऱ्या लॉकची. चारचाकीला 745 रुपये अधिक जीएसटी भरून, तुमच्याच सरकारनं पुन्हा पुन्हा मुदत वाढवून लावायला लावलेली. आता ती खड्ड्यातल्या गाळात शोधायची.

हे झालं वरवरचं. खरं नुकसान खाली असतं. टायरच्या कडेला चीर गेली किंवा फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले. त्याला पंक्चर काढून उपयोग नाही, टायर बदलावाच लागतो. जो कोणी फुगा आलेला टायर ‘मुंबईपर्यंत चालेल’ म्हणतो, त्याच्याकडून पुन्हा काम करून घेऊ नका. लोखंडी रिमचा बेंड निघतो. अलॉय रिमला तडा गेला तर वेल्डिंगवर आम्ही विश्वास ठेवत नाही. मग चाकाला आणि स्टेअरिंगला जोडणारे सांधे: लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड. स्टेअरिंग डावीकडे ओढायला लागलं किंवा सरळ रस्त्यावर वाकडं दिसू लागलं तर चाकांचं अलाइनमेंट गेलं. ते आठवडाभर तसंच चालवलं तर नवा टायरही एका बाजूनं खरवडून निघतो.

सगळ्यांत वाईट ऑइलचा चेंबर. तो गाडीच्या पोटाशी असतो आणि पुष्कळ गाड्यांत ॲल्युमिनियमचा. उंच राहिलेल्या काँक्रीटच्या कडेवर तो एकदा घासला की फुटतो आणि तीन-चार लिटर ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर जातं. डॅशबोर्डवर तेलाच्या डब्याचा लाल दिवा लागतो. तो लागला की त्याच जागी इंजिन बंद करायचं, अगदी शंभर मीटरही पुढं न्यायचं नाही. लोक नेतात, कारण थांबायला साइडपट्टी नाही आणि मागून कंटेनर हॉर्न मारतोय. चेंबर आठ-दहा हजारांत भागला असता, तिथं इंजिन जाम होऊन लाखाच्या घरात बिल जातं.

मग माणूस विमा कंपनीला फोन करतो. नुसता टायर फुटला असेल तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. त्याच धक्क्यात गाडीचंही नुकसान झालेलं असेल तरच टायर धरतात, तोही निम्मा. रबर आणि प्लास्टिकवर 50 टक्के घसारा. वर सक्तीची वजावट, 1500 सीसीपर्यंत 1000 रुपये आणि त्यापुढं 2000. ऑइल गेल्यावर गाडी चालवून इंजिन जाम झालं तर ते ‘परिणामी नुकसान’, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घेतलं नसेल तर शून्य. आणि पाच वर्षं क्लेम न करता मिळवलेली 50 टक्के बोनसची सवलत एका क्लेमनं जाते. त्यामुळे शहाणा माणूस क्लेम करतच नाही. खिशातून देतो आणि जातो.

साहेब, यातली मेख लक्षात घ्या. क्लेम नाही म्हणजे विमा कंपनीकडे नोंद नाही. कोणी जखमी नाही म्हणजे पोलिसांत नोंद नाही. आमचं बिल गिऱ्हाईकाच्या डिकीत जातं. सरकारच्या कोणत्याही कागदावर हा रस्ता गाड्या मोडतच नाही. नोंद होते ती माणूस मेल्यावर. केंद्राच्याच अपघात अहवालात 2022 या एका वर्षात खड्ड्यांमुळे देशात अठराशेहून अधिक मृत्यू आहेत. गाड्यांचा आकडा कोणाकडे नाही, म्हणून आम्हीच काढतो. दोन टायर, एक रिम, लिंक रॉड, आर्म, अलाइनमेंट, टोइंग मिळून लहान गाडीचे सरासरी वीस हजार धरा. पावसाच्या चार महिन्यांत पनवेल ते सिंधुदुर्ग रोज 50 गाड्या धरा. सहा हजार गाड्या, बारा कोटी रुपये. हिशेब कच्चा आहे हे मान्य. पण या महामार्गाच्या पूर्णत्वाच्या तारखांपेक्षा पक्का आहे.

आता खड्डे बुजवण्याबद्दल. रस्ते आमचा विषय नाही, पण दारासमोर रोज बघून तेवढं कळायला लागलंय. पद्धत काही गुपित नाही, डांबरी रस्त्याच्या देखभालीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी 82 ही संहिता आहे. खड्ड्याच्या कडा कटरनं सरळ, उभ्या, चौकोनी कापायच्या, सैल झालेला भाग पक्का थर लागेपर्यंत काढायचा. तळ झाडून कोरडा करायचा. तळाला आणि उभ्या कडांनाही इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, पातळ हात द्यायचा. मग डांबर-खडीचं गरम मिक्स थराथरानं भरायचं. ते साधारण 140 अंशांना पसरायचं, कारण 90 च्या खाली उतरलं की रोलर कितीही फिरवा, दबत नाही. शेवटी सांधा सील करायचा, नाहीतर पाणी तिथूनच आत शिरतं.

प्रत्यक्षात काय होतं? डंपर येतो, दोन माणसं साठलेल्या पाण्यातच खडी-माती ओततात, फावड्याच्या पाठीनं थोपटतात, पुढं जातात. मागून येणारे ट्रक दबाईचं काम करतील असं बहुधा टेंडरमध्ये लिहिलेलं असावं. दोन दिवसांत चाकांनी ती खडी बाहेर फेकलेली असते. खड्डा होता तसा, वर मोकळ्या खडीवर घसरणारे दुचाकीवाले. कुठं पेव्हर ब्लॉक बसवतात. त्याच्या खालची वाळू पाण्यानं गेली की ब्लॉक तिरका होतो आणि त्याची धारदार कड टायरच्या बाजूला लागते. आमच्याकडे येणाऱ्या चिरलेल्या टायरांत अशांचा भरणा मोठा.

‘कोकणात पाऊसच तेवढा’ हे उत्तर आता पुरे. पाऊस तेवढा आहे हे डिझाइन करणाऱ्याला माहीत नव्हतं का? डांबर बिघडतं ते वरून पडलेल्या पाण्यापेक्षा साठलेल्या पाण्यानं. गटार अर्धवट, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच, मोरीचं तोंड भरावानं बुजलेलं. पाणी बाहेर जाणार कुठून? ते थरात मुरतं, अवजड चाकाखाली दाबानं वर उसळतं, येताना खडीवरचं डांबर सोडवून घेऊन येतं. शिवाय जिथं काँक्रीट झालंय तिथं वेगळंच दुखणं: काँक्रीट संपून जुनं डांबर सुरू होतं त्या जागी पायरी, पुलाला जोडणारा भराव खचून पायरी, वळणरस्त्याच्या तोंडाशी पायरी. चेंबर फुटतात ते याच पायऱ्यांवर.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. आम्ही आवळलेला नट ढिला निघाला, बसवलेला बुश महिन्यात वाजायला लागला, तर गाडी परत घेतो आणि मजुरी लावत नाही. तुमच्या कंत्राटातही याला नाव आहे, दोषदायित्व कालावधी. त्या मुदतीत रस्ता बिघडला तर कंत्राटदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. मग कोणत्या किलोमीटरचा कालावधी कधी संपतो, हे रस्त्याच्या कडेला का लिहिलेलं नाही? भूमिपूजनाच्या कोनशिलेवर जागा पुरत नाही इतकी नावं असतात. तिथं ही एक तारीख मावली नसती का?

या महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं. त्या वर्षी शोरूममधून निघालेल्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी 2026 मध्ये संपते. ती पुढं चालवायची तर आरटीओत नेऊन ब्रेक, दिवे, धूर, सगळं तपासून घ्यावं लागतं, वर पर्यावरण कर. म्हणजे गाडीनं रस्त्यावर यायला आपण लायक आहोत हे सिद्ध करायचं. रस्त्यानं गाडीखाली यायला लायक आहोत हे कोणाकडे सिद्ध करायचं? नवी पेट्रोल गाडी घेताना दहा लाखांपर्यंत 11 टक्के, पुढं 12 आणि 13, डिझेल असेल तर 13 पासून 15 टक्के असा रस्त्याच्या नावानं कर एकरकमी भरतो. इंधनावर उपकर वेगळा. टायरवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 18 टक्क्यांवर आणला, त्याचा गाजावाजा झाला. पण दोन वर्षांऐवजी दोन महिन्यांत टायर घ्यावा लागला तर सवलत कोणाला मिळाली, गिऱ्हाईकाला की खजिन्याला?

सीटबेल्ट लावला नाही तर चालकाला दंड, पीयूसी संपली तर दंड, कॅमेऱ्यानं टिपलं की मोबाइलवर चलान. मोटार वाहन कायद्यात 2019 साली 198 अ हे कलम घातलं. सदोष रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला दंड, जास्तीत जास्त एक लाख. चलान आमच्या फोनवर रोज येतात. या कलमाचं चलान कोणाच्या फोनवर गेल्याचं आमच्या कानावर नाही. उच्च न्यायालयानं 2015 साली सांगितलं की चांगला रस्ता हा घटनेच्या 21 व्या कलमातला हक्क आहे. 2025 च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयानं खड्ड्यामुळे मृत्यूला सहा लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. न्यायालयाला दरपत्रक काढून द्यावं लागतं, याची लाज मंत्रालयात कोणत्या मजल्यावर वाटते ते कळवा. 2 ऑगस्ट 2016 ला महाडजवळ सावित्रीवरचा पूल माणसांसकट वाहून गेला, तेव्हाही ‘सर्व पुलांची तपासणी’ झाली होती. तपासण्या होतात. आमच्याकडेही होतात, पण आम्ही तपासलं की पान्याला हात लावतो.

मागण्या फार नाहीत. प्रत्येक किलोमीटरच्या दगडाशेजारी कंत्राटदाराचं नाव, दोषदायित्व संपण्याची तारीख आणि उपअभियंत्याच्या कार्यालयाचा नंबर. पावसाळ्यात तात्पुरतं भरायचं असेल तर निदान पाणी उपसून, इमल्शनच्या कोल्ड मिक्सनं (तापवावं न लागणाऱ्या) आणि प्लेट कॉम्पॅक्टरनं, म्हणजे दबाईच्या छोट्या यंत्रानं, आणि ऑक्टोबरात तोच खड्डा कापून पक्का. पायऱ्यांच्या आधी दोनशे मीटरवर रात्री चमकणारा फलक. आणि खड्ड्यात मोडलेल्या गाडीचं बिल, फोटो आणि ठिकाण नोंदवायला एक खिडकी, जिथून ती रक्कम त्या तुकड्याच्या कंत्राटदाराच्या अनामतीतून वळती होईल. बिलं आम्ही जीएसटीसह देऊ, जुना पार्टही पिशवीत बांधून देऊ.

पुढच्या पाहणी दौऱ्याला मोठ्या चाकांच्या, उंच गाड्यांचा ताफा आणू नका. त्यात काही कळत नाही. एक साधी हॅचबॅक घ्या, 14 इंची चाकं, जमिनीपासून 160-170 मिलिमीटर उंचीची. आत पाच माणसं, डिकीत गणपतीचं सामान, म्हणजे उंची आणखी कमी होईल. हवा दारातल्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच भरा. तारीख आगाऊ कळवू नका, नाहीतर आदल्या रात्री डंपर फिरतो. पनवेलहून पहाटे निघा. संध्याकाळपर्यंत गोव्याच्या हद्दीजवळच्या बांद्याला पोचलात तर आमचं पत्र मागं घेऊ. वाटेत कुठं अडकलात तर आमच्यापैकी कोणीही येईल, फळी आणि लांब पाना घेऊन. टोइंगचे पैसे मात्र रोख ठेवा.

आपले,
मुंबई-गोवा महामार्गालगतचे गॅरेजवाले