अंदाजाला नोंदीही लागतात

व्यापारी जहाजांचा मार्ग हवामान पाहून कसा ठरतो, यावरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात सगळे श्रेय उपग्रह आणि संगणकांना दिले आहे, ते अपुरे वाटते. या अंदाजांना जहाजांवरच्या नोंदींचाही आधार असतो. 1853 मध्ये ब्रुसेल्सला सागरी देशांची परिषद भरली आणि वारा, हवेचा दाब, पाण्याचे तापमान एकाच पद्धतीने नोंदवायचे ठरले. आजही अनेक जहाजे अशा नोंदी स्वेच्छेने हवामान संस्थांना पाठवतात. वाटेत चक्रीवादळ आढळले, तर ते कळवणे कप्तानावर आंतरराष्ट्रीय करारानेच बंधनकारक आहे.

विदर्भातल्या गावांत नेमकी अशी जागच्या जागी नोंद होत नाही. एका महसूल मंडळात कितीतरी गावे, आणि पर्जन्यमापक बहुधा एकच. नाल्याच्या अलीकडे धुरा, म्हणजे शेताचा बांध, फुटून कपाशी खरडून जाते, पलीकडे टोबलेली (हाताने टोचून पेरलेली) सरकी कोरड्या मातीत तशीच पडून असते. नुकसानीच्या मदतीसाठी अतिवृष्टीचा 24 तासांत 65 मिलिमीटरचा आकडा मात्र मंडळाच्या केंद्रावरच पाहिला जातो. साधा पर्जन्यमापक काही फार महागाची वस्तू नाही. तो प्रत्येक ग्रामपंचायतीत बसवावा, रोज सकाळी साडेआठला वाचावा आणि आकडा फलकावर लिहून हवामान खात्याला कळवावा. हे काम गावच्या शाळेकडे दिले तरी चालेल. पोरे याबाबतीत कार्यालयांपेक्षा वक्तशीर निघतील.

– एक कास्तकार, ता. आर्वी, जि. वर्धा