घरचा व्हिडिओ घेऊन येणाऱ्या तुम्हाला

नमस्कार,

मांजराला पिंजऱ्यात घालण्याआधी तुम्ही मोबाईल हातात घेतलात, त्याबद्दल मनापासून आभार. दवाखान्याच्या टेबलावर आलं की मांजर दगडासारखं बसतं. घरी लंगडणारं इथे लंगडत नाही, पोट दुखणारं हूं की चूं करत नाही. भीतीनेही कान मागे जातात, अंग आखडतं. दुखण्यानेही तेच होतं. मग नेमकं काय आहे हे ठरवताना आमची पंचाईत होते. तुमच्या व्हिडिओत ते आपल्या नेहमीच्या गादीवर होतं, आणि अर्धं निदान तिथेच झालं.

चेहरा समोरून घेतलात हे फार बरं केलंत. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून तीव्र वेदना मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि डोक्याची ठेवण, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. १० पैकी ४ किंवा जास्त भरले तर वेदनाशामक द्यायचा विचार करायचा. कान एकमेकांपासून लांब जाऊन बाहेरच्या बाजूला वळतात. गोलसर, सैल मुस्कट ताणलं जाऊन लांबट दिसतं. एरवी हलक्या कमानीत असलेल्या मिशा सरळ, ताठ होतात. डोकं खांद्यांच्या रेषेखाली उतरतं. डोळ्यांचं मात्र जपून बघावं लागतं. म्हणीतलं मांजर डोळे मिटून दूध पितं, खूश असलेलंही डोळे बारीक करतं. त्यामुळे एकट्या डोळ्यांवर निकाल देऊ नये. तुम्ही ते जागं आणि शांत असताना अर्धा मिनिट टिपलंत. झोपेत, खाताना, अंग चाटताना किंवा ओरडताना काढलेल्या व्हिडिओवर हे गुण देता येत नाहीत. आणि हो, घुरघुर ऐकून निर्धास्त झाला नाहीत, हेही चांगलं. दुखत असतानाही मांजरं घुरघुरतात.

दुसरा व्हिडिओ उडीचा होता, तो तर सोन्यासारखा. सांधे दुखणाऱ्या मांजराचा चेहरा बरेचदा काहीच सांगत नाही, चाल सांगते. उडी मारण्याआधी ते थांबतं, वर बघतं, पुढचे पाय जागच्या जागी हलवतं. मग मागच्या पायांनी झेप घेण्याऐवजी पुढच्या पंजांनी स्वतःला वर ओढतं. उतरताना पुढचे पाय शक्य तितके खाली सरकवून मगच अंग सोडतं. पाठीवर शेपटीजवळ केसांच्या गुठळ्या दिसल्या, कारण मान वळवून तिथपर्यंत चाटणं जमत नाही. शी-शूसाठी ठेवलेल्या ट्रेच्या काठावर लघवी सांडते तीही खोडी नव्हे, उंच काठ ओलांडून नीट बसता येत नाही म्हणून. ‘आता म्हातारं झालंय’ या एका वाक्याखाली हे सगळं वर्षानुवर्षं झाकलं जातं.

एका बाबतीत मात्र व्हिडिओसाठी थांबू नका. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन जोर करतोय आणि थेंबही येत नाही, तर त्याला उचला आणि निघा. बघणाऱ्याला ती बद्धकोष्ठता वाटते, पण मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. मग रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाची लय बिघडते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

सगळ्यात मोठे आभार तुम्ही जे केलं नाही त्याचे: घरातली पॅरासिटामॉल दिली नाहीत. मांजराच्या यकृतात ती निरुपद्रवी करण्याची ताकद फार तोकडी असते. औषधाचे घातक अंश रक्ताच्या तांबड्या पेशी बिघडवतात, हिरड्या तपकिरी पडतात, श्वास लागतो. माणसाची एक गोळीही जीव घेऊ शकते. ‘अर्धीच दिली होती’ असं आम्हाला फार उशिरा कळतं. चुकून दिली गेलीच, तर लाजू नका. किती आणि कधी दिली ते दारातच सांगा.

आता एक विनंती. औषध सुरू झालं की दोन आठवड्यांनी तीच उडी, त्याच खुर्चीवर, त्याच बाजूने पुन्हा टिपा. दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवले की मात्रा तीच ठेवायची की बदलायची ते आपल्याला मिळून ठरवता येईल.

आपले,
तपासणीच्या टेबलापलीकडचे आम्ही