रेड सॉक्सवाल्या काकांना पत्र

ती. काका,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकतो" म्हणून उठून जाता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

बॉस्टनला आल्यावर ऑफिसात जेवताना बेसबॉलच्या गप्पा सुरू झाल्या की मी मान खाली घालून डबा संपवायचे. हे तुमच्या कानावर गेलं आणि एका शनिवारी तुम्ही 'फोर डेज इन ऑक्टोबर' हा 2010 चा माहितीपट लावलात. रेड सॉक्स, म्हणजे इथला बेसबॉल संघ, 2004 मध्ये वर्ल्ड सिरीज (वर्षाचं विजेतेपद) जिंकले एवढं मला ठाऊक होतं. या गावात राहून ते ठाऊक नसणं अवघडच. कसे जिंकले हे मात्र तुम्ही आधी कळू दिलं नाहीत. माझा फोनसुद्धा काकूंकडे जमा झाला.

1918 नंतर विजेतेपद नाही. बेब रूथ या आपल्याच मोठ्या खेळाडूला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला विकून टाकलं, त्याचाच शाप म्हणे. त्यात लीगच्या अंतिम मालिकेत (आधी चार मॅच जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला) त्याच यांकीजकडून सलग तीन पराभव, तिसरा घरच्या मैदानावर 19-8 असा. 0-3 वरून मालिका जिंकणं बेसबॉलच्या इतिहासात तोवर कुणालाच जमलेलं नव्हतं. "त्या रात्री मी बेसबॉल सोडला होता," तुम्ही म्हणालात. "एक रात्रभर," काकू आतून म्हणाल्या.

17 ऑक्टोबरची चौथी मॅच. नववी इनिंग, यांकीज 4-3 ने पुढे, चेंडू टाकणारा (पिचर) त्यांचा मारियानो रिव्हेरा. चार बॉल बाहेर पडल्यामुळे केविन मिलारला पहिला बेस आयता मिळाला आणि त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स आला. इथे तुम्ही चित्र थांबवलंत. मी म्हटलं, हा तर रनर, आपल्या क्रिकेटमध्ये पूर्वी असायचा तसा! "तसा नाही," तुम्ही म्हणालात. "तिकडे लंगडणारा बॅट्समन खेळत राहायचा. इथे मिलार बाहेर बसला तो मॅचभर बसला." म्हणजे बरोबरी झालीच, तर पुढच्या इनिंगांसाठी एक चांगला बॅटर आत्ताच खर्ची पडलेला. आणि हा माणूस दुसरा बेस चोरायला, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच तिथवर पळायला आलाय, हे रेड सॉक्सच्या सगळ्या फेनवे पार्क मैदानाला माहीत, रिव्हेरालाही. त्याने तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून रॉबर्ट्सला मागे रेटलं. पुन्हा चित्र थांबलं. "तू असतीस तर पळाली असतीस?" मी नाही म्हटलं.

पुढच्याच चेंडूवर रॉबर्ट्स सुटला. यांकीजचा कॅचर पोसादाची फेक चांगली होती, दुसऱ्या बेसवर जीटरने टॅगही केलं (चेंडू त्याच्या अंगाला लावला), पण हात बेसला आधी लागला होता. मग बिल म्युलरचा फटका रिव्हेराच्या बाजूने मध्यावर गेला आणि दुसऱ्या बेसवर होता म्हणूनच रॉबर्ट्स घरी, म्हणजे होम प्लेटवर, पोचला आणि धाव झाली. 4-4. बाराव्या इनिंगमध्ये रेड सॉक्सच्या ऑर्टीझचा विजयी होम रन, तोही मध्यरात्र उलटून गेल्यावर.

नंतरच्या तीन मॅचही जिंकल्या आणि वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुईसच्या कार्डिनल्सना सरळ 4-0. दुखऱ्या घोट्याने खेळलेला रेड सॉक्सचा पिचर शिलिंग, त्याचा रक्ताळलेला मोजा जरा जास्तच गाजवलाय असं मला अजूनही वाटतं. तुम्हाला पटत नाही, राहू दे. पण चित्रपट संपल्यावर तुम्ही सांगितलंत ते माझ्या डोक्यातून जात नाही: त्या वर्ल्ड सिरीजमध्ये रॉबर्ट्स एकदाही मैदानावर उतरला नाही, आणि डिसेंबरमध्ये त्याला सॅन डिएगोच्या संघाला देऊन टाकलं. आणि जिंकल्यावर लोक आईवडिलांच्या कबरींवर रेड सॉक्सचे झेंडे ठेवायला गेले होते, हे सांगताना तुम्ही चष्मा पुसत होतात.

या उन्हाळ्यात ऑफिसच्या मंडळींबरोबर फेनवेला गेले होते. पहिल्या बेसवरचा गडी दोन पावलं पुढे सरकला आणि मी बोलता बोलता थांबले. शेजारचा सहकारी म्हणाला, "तुला हे कुणी शिकवलं?" तुमचं नाव सांगितलं. काका, मनापासून आभार. फोन सांभाळल्याबद्दल काकूंचेही.

एक मागणं मात्र आहे. 1986 च्या वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच तुम्ही अजून दाखवलेली नाही. विषय काढला की तुम्हाला बाजारातून काहीतरी आणायचं आठवतं. न्यूयॉर्कच्या मेट्सविरुद्ध चेंडू आपल्या बकनरच्या पायांमधून गेला एवढं मला दुसरीकडून कळलंय. येत्या शनिवारी मी येते आहे. पोहे मी करते, चित्र तुम्ही हवं तिथे थांबवा, पण ती मॅच लावा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची