अंगणातले ‘शोचे झाड’ ओळखायचे कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांत जुने घर विकत घेतले की अंगणातली दोन-चार झाडेही पदरात पडतात. आधीच्या मालकाने ती रोपवाटिकेतून ‘शोचे झाड’ म्हणून आणलेली असतात, त्यामुळे नाव त्यालाही ठाऊक नसते. मग फुलाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, पाच जण पाच नावे सांगतात आणि सर्वांत ठामपणे सांगितलेले नाव त्या झाडाला चिकटते. नुसत्या फुलावरून नाव ठरवण्याची ही सवय सोडायला हवी. घरात लहान मुले असतील तर नक्कीच.

पिवळ्या घंटेसारख्या फुलांचेच पाहा. टिकोमा आणि पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, ही दोन्ही झुडपे आपल्या कमी पावसात तग धरतात, म्हणून गल्लोगल्ली दिसतात. फोटोत दोन्ही सारखीच वाटतात. पण टिकोमाची पाने समोरासमोर येतात, एकेका पानाला करवतीसारख्या कडांच्या अनेक पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे छोट्या पानांसारखे दिसणारे भाग, असतात, फांदी मोडली तर चीक येत नाही आणि शेंगा लांब, बारीक असतात. बिट्टीचे पान साधे, अरुंद, चकचकीत, बोटभर किंवा थोडे अधिक लांब असते. पाने फांदीभोवती एकाआड एक येतात, देठ तोडताच पांढरा चीक ठिबकतो आणि फळ हिरवे, आडवी धार असलेले असते. ते पिकल्यावर काळे पडते. फळातल्या बियांत हृदयावर परिणाम करणारे विष असते. थोड्या बिया पोटात गेल्या तरी उलट्या होतात, नाडी मंदावते आणि जीव धोक्यात येऊ शकतो. मुले या कठीण बिट्ट्या खेळायला घेतात, धोका तिथेच आहे. महादेवाला फुले वाहायची म्हणून बिट्टी मुद्दाम लावली जाते. त्यामुळे ती सरसकट तोडा असे म्हणणे नाही, पण फळे धरली की वेळच्या वेळी काढून टाकावीत. कुणी बी खाल्ल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता फळासकट फांदी घेऊन रुग्णालय गाठावे.

अनोळखी झाडाकडे पाहताना पहिला प्रश्न असा की, पान कुठे संपते? बहुतेकांची चूक इथेच होते, पर्णिकेलाच पान समजतात. देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यात एक बारीक डोळा, म्हणजे कोंब, असतो. पर्णिकेच्या बुडाशी तो नसतो. डोळा सापडला की खरे पान कळते आणि मग पाने समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत की एका पेरावर तीन-चार आहेत, हे मोजता येते. लाल-गुलाबी कण्हेरीला बहुधा एका पेरावर तीन पाने असतात, सातवीणला चार ते सात. फुले नसताना गुलमोहर आणि नीलमोहर यांची गल्लत होते. दोघांचे पान पिसासारखे असले तरी नीलमोहराची पाने समोरासमोर येतात, गुलमोहराची एकाआड एक.

दुसरी खूण चिकाची. उन्हाळ्यात तहानलेल्या झाडाला दुपारी चीक जेमतेम येतो, म्हणून सकाळी कोवळा शेंडा मोडून पाहावे. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, हात साबणाने धुवावेत. मात्र चीक नाही म्हणजे झाड निर्धोक, असा अर्थ काढू नये. कुंपणाला लावतात त्या डुरांटाला चीक नसतो, पण छाटणी चुकली की त्याला नारिंगी-पिवळ्या फळांचे घोस येतात आणि तीही विषारीच.

पानगळ झालेली असेल तर घाई नको. फांदीवरच्या गळालेल्या पानांच्या खुणांवरूनही पाने कशी येत होती ते समजते, पण मृगाचा पाऊस पडून पालवी फुटेपर्यंत थांबलेले उत्तम. फोनवरच्या ॲपला एकटे फूल दाखवू नये. अख्खे झाड, तीन-चार पेरांची फांदी बाजूने, पानाची मागची बाजू आणि नाण्याशेजारी ठेवलेले फळ, असे चार फोटो द्यावेत. ॲपने सांगितलेल्या नावाशी चीक आणि पानांची मांडणी जुळते का, हेही तपासावे. तरीही शंका राहिली तर पाने-फुले असलेली वीतभर फांदी आपल्याच वर्तमानपत्राच्या घडीत, वर जड पुस्तके ठेवून आठवडाभर दाबावी. कागद रोज बदलावा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. फुलाचा ताजा रंग, वास आणि झाडाची उंची चिठ्ठीवर लिहावी, कारण वाळल्यावर यांतले काहीच उरत नाही. असा नमुना जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवता येतो.

नाव कळण्याआधी करवत लावू नये. १९७५ च्या राज्य कायद्याप्रमाणे स्वतःच्या आवारातले झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

शहरातील रोपवाटिका चालकांना कळकळीची विनंती आहे की, प्रत्येक पिशवीला मराठी आणि शास्त्रीय नावाची चिठ्ठी बांधावी आणि विषारी रोपावर तसे ठळक लिहावे. ग्राहकांनीही चिठ्ठी नसलेले रोप घेऊ नये.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक अभ्यासक, सोलापूर